शांत वस्तीतील घर आणि आपल्या चवीचे जेवण

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय जवळजवळ एकच असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. मुले परदेशी स्थिरावली आहेत, त्यांची घरे शहराबाहेरच्या शांत वस्त्यांत आहेत, आणि आपल्या गावाकडून तेथे राहायला जाणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न जेवणाचा असतो. पुष्कळजण तो लाजत विचारतात, जणू खाण्याविषयी बोलणे म्हणजे हावरटपणा. मी स्वतः शिकागोजवळच्या एका उपनगरात मुलीकडे तीन वेळा राहून आले आहे आणि साठीनंतर जिभेची सवय बदलत नाही हे घरातच पाहिले आहे. म्हणून उत्तरे सविस्तर देत आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. वरूड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. मुलगा आणि सून शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहतात. गेल्या वर्षी आम्ही दोघे तेथे तीन महिने राहिलो. घर मोठे, अंगण हिरवेगार, शेजारी भले. मात्र वस्ती इतकी शांत की दुपारी रस्त्यावर माणूस दृष्टीस पडत नाही आणि चालत जाऊन चहा घ्यावा असे एकही ठिकाण नाही. मुलाने दोनदा भारतीय हॉटेलात नेले. दोन्ही ठिकाणी लाल, गोडसर, साय घातलेला रस्सा आणि मैद्याचा नान मिळाला. यजमानांना ज्वारीची भाकर आणि तिखट भाजी लागते. पंधरा दिवसांतच ते अर्धपोटी उठू लागले, पण मुलाचे मन दुखेल म्हणून बोलले नाहीत. आता एप्रिलमध्ये पुन्हा सहा महिन्यांसाठी जायचे आहे. अशा वस्तीत चांगले भारतीय जेवण कसे शोधावे आणि येथून काय न्यावे? — एक वाचक भगिनी, वरूड तालुका, जि. अमरावती

उत्तर : सर्वप्रथम एक विनंती करते. या वेळी निघण्यापूर्वीच मुलाला आणि सुनेला स्पष्ट सांगावे की बाबांना भाकर लागते. पहिल्या खेपेस माझे यजमान अकरा दिवस दहीभात खात होते आणि त्यांना तोच आवडतो असे मुलगी समजत होती. सत्य कळल्यावर तिला जे वाईट वाटले, ते पहिल्याच दिवशी सांगितले असते तर वाटले नसते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. आपल्याकडे खाण्याची ठिकाणे वस्तीतच असतात. कोणी ओसरीवर कढई ठेवून भजी तळून विकली तरी त्याला हरकत घेतली जात नाही. अमेरिकेच्या उपनगरात तसे दिसत नाही, याचे कारण कायद्यात आहे. कोणत्या जमिनीवर केवळ घरे असावीत आणि कोणत्या जमिनीवर दुकाने, हे तेथील नगरपालिका ठरवतात. ओहायो राज्यातील युक्लिड या गावाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये हा अधिकार मान्य केला आणि त्यानंतर वसलेली बहुतेक उपनगरे याच पद्धतीने आखली गेली. त्यामुळे घराच्या आसपास शोधून काही मिळणार नाही. मोटारीने दहा-पंधरा मिनिटांवर जो मोठा रस्ता लागतो, त्याच्या कडेला एकमजली, एका ओळीत दहा-बारा दुकाने आणि पुढे मोटारी उभ्या करण्याचे डांबरी आवार, अशा रचना असतात. चांगले भारतीय जेवण बहुधा तेथेच असते, कारण भाडे परवडते आणि नवा आचारी आपला व्यवसाय अशाच जागी सुरू करू शकतो. आम्हाला सर्वांत चवदार जेवण ज्या हॉटेलात मिळाले, त्याच्या एका बाजूला कपडे धुण्याचे दुकान आणि दुसऱ्या बाजूला दाताचा दवाखाना होता. मुलगी चार वर्षे त्यावरून ये-जा करीत होती, परंतु बाहेरून ते तिला हॉटेल वाटलेच नव्हते.

आपल्याला दोन्ही वेळा एकाच चवीचे जेवण का मिळाले, हेही समजून घेतले पाहिजे. परदेशात ‘भारतीय जेवण’ या नावाने जे प्रथम पोहोचले, ते मुख्यतः पंजाबी हॉटेलांचे जेवण होते. १९४७ च्या फाळणीनंतर पेशावरकडून दिल्लीत आलेल्या मंडळींनी दर्यागंजमध्ये ‘मोतीमहल’ सुरू केले, तंदुरी कोंबडी आणि लोणी-टोमॅटोचा रस्सा लोकप्रिय केला, आणि पुढे जगभरच्या भारतीय हॉटेलांनी तीच यादी उचलली. त्यात वाईट काही नाही. चांगल्या हाताने केलेले ते जेवण उत्तम असते. परंतु पुष्कळ ठिकाणी सकाळी कांदा-टोमॅटोचा एकच मोठा हंडा शिजवला जातो, आणि त्यातूनच साय घालून एक, पालक घालून दुसरी, काजू घालून तिसरी अशा दहा नावांच्या भाज्या तयार होतात. यादी जितकी लांब, तितका हा संशय बळावतो. शंभर पदार्थांची यादी दिसली की मी फक्त डाळ आणि साधी रोटी मागवते. डाळ लपवता येत नाही. ती आजची आहे की कालची, फोडणी आत्ता दिली की सकाळी, हे पहिल्या घासाला कळते. डाळ चांगली निघाली तर पुढच्या खेपेस बाकीचे पदार्थ मागवावेत.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र पंजाबी हॉटेलांची पारख करण्यात नाही. वऱ्हाडी-नागपुरी जिभेचा सख्खा शेजारी कोण, असा प्रश्न आधी विचारला पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यातून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद लागते, आणि सिरोंच्याकडच्या घराघरांत तेलुगू बोलली जाते. तेलंगणातही ज्वारीची भाकर असते. तिला तेथे ‘जोन्ना रोट्टे’ म्हणतात. आपली अंबाडी म्हणजे त्यांचा ‘गोंगुरा’. मिरचीचा ठेचा, चिंचेचे आंबट वरण, वाटणाचा झणझणीत रस्सा, हे सर्व त्यांच्याकडे आपल्याइतकेच रोजचे आहे. अमेरिकेत १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्यानंतर भारतीय डॉक्टर आणि अभियंते मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले, आणि १९९० च्या कायद्याने आजचा एच-१बी हा नोकरीसाठीचा परवाना सुरू झाल्यावर संगणक क्षेत्रातील तेलुगू कुटुंबे फार मोठ्या संख्येने उपनगरांत स्थायिक झाली. त्यांच्या जेवणासाठी निघालेली हॉटेले आज शिकागोच्या पश्चिमेकडील नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग या बाजूंना आहेत. त्यांच्या पाट्यांवर बहुधा ‘बिर्याणी’ हा शब्द ठळक असतो, त्यामुळे शाकाहारी माणूस ते पाहून पुढे निघून जातो. तसे करू नये. आत जाऊन गोंगुरा-पप्पू, म्हणजे अंबाडी घातलेले तुरीचे वरण, मिळते का ते विचारावे. गुत्ती वंकाया मागवावी, म्हणजे शेंगदाणे-तिळाच्या वाटणातले भरले वांगे समोर येईल. माझ्या यजमानांनी त्या परदेशातल्या मुक्कामात पहिल्यांदा पोटभर जेवण केले ते अशाच ठिकाणी, आणि घरी आल्यावर कधी नव्हे ते त्यांनी स्वतःहून गावाकडे फोन लावला.

हॉटेल निवडताना मी आणखी दोन-तीन गोष्टी पाहते. रविवारी दुपारी तेथे आजी-आजोबांसह आलेली कुटुंबे दिसतात का, हे पहिले. आपल्या वयाची माणसे जेथे निवांत जेवतात, तेथे आचाऱ्याला घरच्या जेवणाची अपेक्षा ठाऊक असते. दुसरे, नान सोडून फुलका, पराठा किंवा भाकर यांपैकी काही मिळते का, हे आधी फोन करून विचारावे. काही ठिकाणी ज्वारीची किंवा बाजरीची भाकर ठरावीक वारीच असते आणि यादीत छापलेली नसते. तिसरे, तिखट किती हवे असे विचारले जाईल, तेव्हा ‘मध्यम’ म्हणू नये. त्यांचे मध्यम आपल्याकडच्या लहान मुलाच्या वरणभाताएवढे असते. ‘भारतीय तिखट’ असे स्पष्ट सांगावे आणि त्याबरोबर साखर व साय नको हेही सांगावे. हिशेबाच्या वेळी वाढणाऱ्यासाठी पंधरा ते वीस टक्के रक्कम वेगळी ठेवण्याची तेथे रीत आहे. मुलगा ती देईल, पण माहीत असलेले बरे, नाहीतर मुलाला फसवले असे वाटत राहते.

हॉटेल महिन्यातून दोन-चार वेळांचे; रोजचे जेवण मात्र किराणा दुकानावर अवलंबून आहे, आणि चांगल्या हॉटेलांचा पत्ताही तेथेच लागतो. शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर १९७४ मध्ये पटेल बंधूंनी एक लहान किराणा दुकान काढले आणि आज त्याच नावाची दुकाने अमेरिकेच्या अनेक राज्यांत आहेत. आपल्या मुलाच्या घरापासून डेव्हन अॅव्हेन्यू बरीच दूर पडेल. एकदा हौसेने जाऊन यावे, परंतु दर आठवड्याला जाण्याची गरज नाही, कारण उपनगरांतही आता अशी दुकाने आहेत. दुकानात गेल्यावर आपल्या शब्दांचा त्यांच्या शब्दांशी मेळ घालावा लागतो, आणि तो घातला की अनेक गोष्टी हाती येतात. थंड कपाटात ‘तुवेर लीलवा’ या गुजराती नावाचे पाकीट असते; ते म्हणजे आपले तुरीचे सोले. त्याच्या शेजारी ‘पापडी लीलवा’ असते, ते वालाचे दाणे, तेव्हा नाव नीट वाचून घ्यावे. सोले घातलेली वांग्याची भाजी मी तेथे मे महिन्यात केली आहे, जी येथे हिवाळा संपला की मिळत नाही. तूरडाळ घेताना पाकिटावर तेल लावलेली आहे की कोरडी ते पाहावे. टिकावी म्हणून काही डाळीला एरंडेल चोळलेले असते. आपल्या वरणाला कोरडीच डाळ हवी. अंबाडी ‘गोंगुरा’ या नावाने कधी ताजी, कधी गोठवलेली मिळते.

काही गोष्टींसाठी तर भारतीय दुकानापर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. आपला सांभार, म्हणजे कोथिंबीर, तेथे कोणत्याही साध्या दुकानात ‘सिलॅन्ट्रो’ नावाने जुडीने मिळतो, म्हणजे बेसन घरात असले की सांभारवडी करता येते. (हॉटेलात मात्र सांभार मागितला तर इडलीबरोबरचे वरण येईल.) जवस तेथील लोक आरोग्यासाठी खातात आणि ते ‘फ्लॅक्ससीड’ म्हणून सर्वत्र विकले जाते, त्यामुळे जवसाची चटणी हवी तेव्हा ताजी कुटता येते. शिकागोच्या परिसरात मेक्सिकन वस्ती मोठी असून त्यांची भाजीची दुकाने स्वस्त आणि ताजी असतात. तेथे तिखट हिरव्या मिरच्या आणि चिंच मिळतेच, शिवाय ‘वर्दोलागास’ नावाची एक जुडी दिसते. ती हातात घेऊन पाहावी. ती आपली घोळाची भाजी आहे. मला ती प्रथम ओळखू आली, तेव्हा अनोळखी गावात एखादा नातलग भेटावा तसे वाटले.

भाकरीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण यजमानांचा प्रश्न तेथेच आहे. अमेरिका ही ज्वारी पिकवण्यात जगात आघाडीवर आहे आणि कॅन्ससच्या शेतांत ती मैलोगणती उभी असते. पण ती मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी, इथेनॉलसाठी आणि निर्यातीसाठी जाते, त्यामुळे माणसाच्या ताटासाठी आपल्याला भारतीय दुकानातील पिठाच्या पाकिटावरच विसंबावे लागते. ते पीठ दळून पुष्कळ दिवस झालेले असते, त्याची भाकर थापताना चिरते आणि सुगरणीलाही आपला हात बिघडला असे वाटू लागते. ज्वारीत गव्हासारखे ग्लूटेन नसते. पिठाला बांधून ठेवण्याचे काम गरम पाण्याने फुगलेले पिष्ट करते. म्हणून पाकिटावरील दळल्याची तारीख पाहून शक्य तितके नवे पीठ घ्यावे, अर्ध्या पिठात उकळते पाणी घालून पाच मिनिटे झाकावे, मग उरलेले पीठ मिसळून नेहमीपेक्षा अधिक वेळ मळावे. चूल बहुधा विजेची आणि वर सपाट काच असलेली असेल. तिच्यावर भाकर निखाऱ्यासारखी शेकता येत नाही आणि काचेवर थापटणे धोक्याचे असते. तव्यावरच दुसरी बाजू झाल्यावर ओल्या फडक्याने कडा दाबत गेल्यास भाकर फुगते. तवा मात्र जाड लोखंडाचा हवा; तो येथून न्यावा. आणि फोडणी देण्यापूर्वी वरचा धूर ओढणारा पंखा सुरू करावा, कारण छताला धुराची घंटी असते आणि ती मिरचीच्या खकाण्याने वाजते. ती वाजल्यावर माझे यजमान घाबरून अंगणात गेले होते, म्हणून आधी सांगून ठेवते.

आता येथून काय न्यावे ते सांगते. तिखट, हळद आणि घरचा काळा मसाला न्यावा. भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्यांची बरोबरी तेथील पाकीट करू शकत नाही. कुरडया, सांडगे, पापड, लोणचे नीट बंद करून न्यावे. तांदूळ आणि हरभरे मात्र नेऊ नयेत, कारण साठवणीतला खापरा भुंगेरा अमेरिकेत शिरू नये म्हणून आपल्यासारख्या देशांतून प्रवाशांना ते नेण्यास बंदी आहे. मांसाचे पदार्थ, ताजी फळे, ताज्या भाज्या आणि बियाणेही नकोत. कढीपत्त्याचे एक पानही नेऊ नये, आणि याचे कारण आपल्याला इतर कोणापेक्षा लवकर समजेल. आपण संत्र्याच्या नव्या नवतीवर ज्या सिट्रस सायलाची फवारणी करता, ती कीड कढीपत्त्यावरही जगते आणि ग्रीनिंग रोग पसरवते. फ्लोरिडातील संत्राबागांचे त्या रोगाने अतोनात नुकसान केले आहे. दुसऱ्या शेतकऱ्याच्या बगीच्याचा प्रश्न आहे, एवढे लक्षात ठेवले की पिशवीतून तो पाला आपोआप बाहेर निघेल. विमानात किंवा विमानतळावर खाद्यपदार्थांविषयी विचारले जाईल, तेव्हा जे असेल ते सर्व सांगावे. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपवल्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

आठवड्यातून एकदा मंदिरात जाण्याचा क्रम ठेवावा असे मी सुचवीन, आणि ते जेवणाच्याच दृष्टीने. ऑरोरा येथील बालाजी मंदिराच्या उपाहारगृहात दक्षिणी पदार्थ स्वस्त आणि ताजे मिळतात. बार्टलेटच्या स्वामिनारायण मंदिरातही उपाहाराची सोय आहे. त्यात कांदा-लसूण नसतो, हे यजमानांना आधी सांगावे. गुरुद्वाराच्या लंगरात तर कोणालाही पंगतीत बसता येते. परंतु मंदिरात जाण्याचा मोठा लाभ निराळाच आहे. तेथे आपल्या वयाच्या स्त्रिया भेटतात, आणि कोणत्या घरी डबा करून मिळतो, कोण भाकरी करून देते, कोणाकडे दिवाळीचा फराळ होतो, ही माहिती त्यांच्याकडून कळते. नकाशावर किंवा जाहिरातीत ती सापडत नाही. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही मध्यवर्ती संस्था १९८१ पासून कार्यरत आहे आणि शिकागोचे मंडळ जुन्या मंडळांपैकी एक आहे. त्यांच्या गुढीपाडव्याच्या किंवा गणपतीच्या कार्यक्रमाला एकदा गेल्यास विदर्भातील चार घरे निश्चित सापडतील. घरगुती डबा घेताना ते करण्याचा परवाना आहे का, एवढे मुलाला विचारून घ्यायला सांगावे, कारण घरी शिजवलेले अन्न विकण्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ लंडनच्या वायव्येकडील एका उपनगरात असतो. आम्ही सर्व मांसाहारी असून सावजी रस्सा खाण्याची सवय आहे. भाऊ सांगतो की जवळच ‘इंडियन’ अशी पाटी असलेली तीन हॉटेले आहेत, पण तिन्ही बांगलादेशी लोकांची आहेत. ही ग्राहकांची फसवणूक नव्हे का? उन्हाळ्यात मी दोन महिने जाणार आहे. — एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : फसवणूक म्हणता येणार नाही. लंडनमध्ये भारतीय जेवणाचे पहिले हॉटेल पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी १८१० मध्ये काढले होते, आणि १९२६ मध्ये सुरू झालेले ‘वीरास्वामी’ आजही ओळखले जाते. पुढे जहाजांवर काम करणारे, आजच्या बांगलादेशातील सिल्हेटचे खलाशी बंदरात उतरले, खानावळींत कामाला लागले आणि त्यांनी स्वतःची हॉटेले काढली. तेव्हा सिल्हेट भारताचाच भाग होता. ब्रिटनमधील बहुतेक ‘इंडियन’ हॉटेले त्यांच्या वंशजांनी चालवली आहेत आणि ती चव त्यांनी इंग्रज ग्राहकांसाठी घडवली आहे. पदार्थ त्यांचा, कष्ट त्यांचे. फक्त तो आपल्यासाठी केलेला नाही, एवढे ओळखून तेथे जावे.

आपली सोय अमेरिकेपेक्षा चांगली आहे. लंडनची उपनगरे रेल्वेच्या आधाराने वाढली, त्यामुळे प्रत्येक स्थानकाजवळ दुकानांचा एक रस्ता असतो आणि म्हाताऱ्या माणसालाही चालत जाता येते. वायव्येला वेम्बलीचा ईलिंग रोड गुजराती दुकानांसाठी, पश्चिमेला साउथॉल पंजाबी जेवणासाठी, दक्षिणेला टूटिंग तमिळ जेवणासाठी प्रसिद्ध आहे. तिखट रस्सा हवा असल्यास मी टूटिंगकडे जाईन, कारण मिरे आणि सुक्या मिरचीचा तो हात आपल्या सावजीला साउथॉलपेक्षा जवळचा आहे.

खरा सावजी रस्सा मात्र घरीच करावा लागेल. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेली ही पाककृती आहे. तिचा जीव मसाल्यात आहे, आणि मसाला येथून नेता येतो. दगडफूल, मिरे, खसखस यांचा तयार वाटलेला मसाला आणि थोडे ज्वारीचे पीठ रस्सा दाट करण्यासाठी ठेवावे. मटण घेताना हलाल दुकानात ‘गोट’ असे स्पष्ट सांगावे. नुसते ‘मटण’ म्हटले तर मेंढीचे मिळण्याची शक्यता असते आणि त्याचा वास आपल्या घरच्यांना चालत नाही. येथून मांसाचे किंवा दुधाचे पदार्थ नेण्यास ब्रिटनमध्ये मनाई आहे, म्हणून भावासाठी पेढे घेऊ नयेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे. भावाला तेथे एकदा अवश्य घेऊन जावे. दोन महिन्यांनी आपण परत याल, पण त्याला तेथेच राहायचे आहे.

प्रश्न : मुलगी परिचारिका म्हणून अबू धाबीला गेली आहे. राहण्याची जागा शहराबाहेर, शांत वसाहतीत आहे. तिच्या मैत्रिणीबरोबर घरचा मसाला पाठवू का? — एक आई, आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : जेवणाची फार काळजी करू नये. आखातात केरळची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि शहराबाहेरच्या वसाहतींतही त्यांच्या लहान खानावळी असतात. उकडा तांदूळ, मासे, भाजी असे साधे जेवण तेथे मिळते, आणि धानाच्या मुलखातल्या आपल्या मुलीला ते परके वाटणार नाही. मसाला अवश्य पाठवावा, पण पाठवण्यापूर्वी त्यात काय आहे ते पाहावे. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर पूर्ण बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते, आणि चिमूटभर सापडली तरी मसाला नेणाऱ्या त्या बिचाऱ्या मैत्रिणीवर कठीण प्रसंग येऊ शकतो. तयार असलेला मसाला त्यासाठी वापरू नये. नवा कुटावा, मिक्सरचे भांडे आणि खलबत्ता धुऊन कोरडा करावा, आणि खसखशीच्या जागी तेवढेच भाजलेले तीळ आणि थोडे सुके खोबरे घालावे. रस्सा तितकाच दाट होतो, आणि आईच्या हातचा वास त्यात तसाच राहतो.